टर्कीच्या शिकारीसाठी शॉटगन तपासताना कागदावरची भोकं मोजून भागत नाही

तीन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मिसुरीत एप्रिलच्या एका सकाळी एक मोठा गॉब्लर, म्हणजे नर टर्की, माझ्यासमोर आला, मान ताठ, डोकं लालभडक, आणि मी मनाशी म्हटलं चाळीस यार्ड तर आहे, झाडला बार. पिसं उडाली, पक्षी कोलमडला, उठला, आणि झाडीत पळाला. दुपारपर्यंत शोधला, नाही सापडला. नंतर ज्या झाडाला टेकून बसलो होतो तिथून रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) लावला तर ५४ यार्ड! आणि गंमत म्हणजे घरी माझ्याकडे चाळीस यार्डांचे कागद होते, मस्त भरगच्च पॅटर्न, म्हणजे छर्‍यांच्या भोकांची नक्षी, मित्रांना फोटो पाठवलेले. त्या कागदांचा त्या सकाळी काडीचा उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मी दर सीझनच्या आधी दोन वेगवेगळ्या चाचण्या करतो आणि दोन वेगवेगळे आकडे काढतो. एक, किती अंतरापर्यंत पुरेसे छर्रे डोक्या-मानेवर बसतात. दोन, किती अंतरापर्यंत त्या छर्‍यात आत घुसायचा दम उरतो. यातला जो आकडा लहान तो तुमच्या गनचा. बहुतेक लोक पहिलाच काढतात कारण तो सोपा आहे, कागद टांगा आणि भोकं मोजा. पण कागदाला दमलेला छर्रा पण भोक पाडतो आणि दमदार पण पाडतो, कागद काही बोलत नाही.

आधी पक्षी समजून घ्या. टर्कीला अंगावर मारत नाहीत, पिसांचा जाड थर, त्याखाली छातीचं मांस आणि पंखांची हाडं, छर्रे तिथे अडकतात आणि पक्षी जखमी होऊन दूर कुठेतरी मरतो. नेम डोकं आणि मानेवर. आणि त्यातही खरं लक्ष्य म्हणजे सुपारीएवढा मेंदू आणि मानेतली मणक्यांची ओळ, जी पेन्सिलीपेक्षा थोडीच जाड समजा. बाकी मान म्हणजे कातडी, स्नायू, अन्ननळी, तिथे चार छर्रे लागून पण पक्षी पळू शकतो. म्हणून भरपूर छर्रे हवेत, आणि प्रत्येकाला कातडी आणि हाड फोडायची ताकद हवी.

आता कोणता छर्रा. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे माहीत असेलच. अमेरिकन नंबरांची एक सोपी युक्ती आहे, १७ मधून नंबर वजा करा आणि येईल तितके शंभरांश इंच म्हणजे छर्‍याचा व्यास. पाच नंबर म्हणजे ०.१२ इंच, नऊ नंबर म्हणजे ०.०८. या व्यासाला धातूच्या घनतेने गुणा. शिसं साधारण ११.१, स्टील ७.८, बिस्मथ ९.६, आणि टीएसएस म्हणजे टंगस्टन सुपर शॉट १८ च्या आसपास. गुणाकार बघा: शिसं ५ नंबर १.३३, शिसं ४ नंबर १.४४, शिसं ६ नंबर १.२२, बिस्मथ ५ नंबर १.१५, स्टील ४ नंबर जेमतेम १.०१, आणि टीएसएस ९ नंबर १.४४. म्हणजे तो मोहरीएवढा दिसणारा टीएसएसचा नऊ नंबर शिशाच्या चार नंबरच्या तोडीचा निघतो. गोल छर्रा हवेत किती लवकर मंदावतो आणि मांसात किती खोल जातो, दोन्ही गोष्टी याच गुणाकारावर अवलंबून आहेत, म्हणून हा एक आकडा मला बॉक्सवरच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगतो. शिवाय एका औंसात शिशाचे ५ नंबर साधारण १७० बसतात आणि टीएसएसचे ९ नंबर साधारण ३६०, म्हणजे पावणेदोन औंसाच्या शेलमध्ये (काडतुसात) तीनशेच्या जागी सव्वासहाशे. यामुळेच आजकाल लोक बारा गेजपेक्षा लहान नळीची वीस गेज आणि अगदी त्याहून लहान चारशेदहा (.410) घेऊनही टर्की मारतात, जे पूर्वी वेडेपणाचं मानलं जायचं. फक्त खिसा सांभाळा, टीएसएसचा एकेक शेल फार महाग पडतो, त्यामुळे चाचणी विचार करून आखावी लागते.

हे सगळं आधी तुमच्या स्टेटच्या नियमात बसतंय का ते बघा. मिसुरीत चार नंबरपेक्षा आकाराने मोठा छर्रा टर्कीला चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिसं बंद आहे. प्रत्येक स्टेटचं वेगळं आणि बदलत राहतं, त्यामुळे या वर्षीचं बुकलेट उघडून वाचा, मित्राने सांगितलं म्हणून नको.

रेंजवर जायच्या आधी दोन शब्द सुरक्षेचे, कंटाळवाणे वाटले तरी वाचा. मागे मातीचा बांध हवाच. शिशाच्या छर्‍याची जास्तीत जास्त धाव काढायचं जुनं सूत्र आहे, व्यास इंचात गुणिले २२०० यार्ड, म्हणजे पाच नंबर जवळपास २६० यार्ड जातो, आणि टंगस्टन त्याहून लांब. स्टील आणि टीएसएस प्रचंड कडक असतं, दगडावर किंवा लोखंडी प्लेटवर मारलं तर तुमच्याकडे परत येऊ शकतं, म्हणून लोखंडी टार्गेट अजिबात नाही. चष्मा आणि कानाचे मफ सगळ्यांना, जो नुसता बघायला आलाय त्यालाही. कागद बदलायला पुढे जाताना गन रिकामी, अॅक्शन (शेल भरायची यंत्रणा) उघडी.

पहिलं काम स्वस्तातलं. महागडे शेल बॉक्समध्येच राहू द्या, हलके सरावाचे शेल (टार्गेट लोड) घ्या आणि दहा यार्डांवरून एका छोट्या ठिपक्यावर मारा. इतक्या जवळून सगळे छर्रे मुठीएवढ्या भोकातून जातात आणि गन नेमकी कुठे मारते ते लगेच दिसतं. माझी पहिली पंप गन चाळीस यार्डांवर जवळपास सात इंच वर आणि थोडी डावीकडे मारायची आणि मला दोन सीझन पत्ता नव्हता, कारण क्ले पिजनला (सरावासाठी हवेत उडवतात त्या मातीच्या चकत्या) त्याने फरक पडत नाही. टर्कीला पडतो. नळीच्या टोकावरच्या मण्याने नेम धरत असाल तर गाल दरवेळी दस्त्यावर त्याच जागी टेकतो का ते बघा, नाहीतर सरळ रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लावून टाका, टर्की गनवर रेड डॉट म्हणजे मला तरी पैसे वसूल वाटतात. आणि बेंचवर टेकून बसून मारा, बारा गेजचे साडेतीन इंची मॅग्नम खांद्याला असा दणका देतात की तिसर्‍या बाराला माणूस आपोआप डोळे मिटतो आणि मग दोष चोकला, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवलेल्या आवळत्या तुकड्याला, देतो.

आता पॅटर्न. तीन फूट बाय तीन फूट कागद घ्या, बांधकामवाले जमिनीवर अंथरतात तो तपकिरी रोल स्वस्त पडतो. मधे टर्कीच्या डोक्या-मानेचं चित्र काढा किंवा नुसता ठिपका. अंतर रेंजफाइंडरने मोजा, पावलांनी मोजू नका, माझी पावलं उतारावर दहा टक्के लांब पडतात हे मला उशिरा कळलं. वीस, तीस, चाळीस, आणि पुढे पाच-पाच यार्डांनी वाढवत जा. प्रत्येक अंतरावर एकच बार मारून निकाल लावू नका, निदान तीन मारा, एकाच बॉक्समधल्या दोन शेलमध्ये पंधरा-वीस छर्‍यांचा फरक सहज पडतो.

मग दहा इंची वर्तुळ. जुना मापदंड असा की चाळीस यार्डांवर दहा इंची वर्तुळात १०० छर्रे. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, जरा हिशेब करा: दहा इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस इंच, शंभर छर्रे म्हणजे चौरस इंचाला सव्वा, आणि मेंदू-मणके मिळून समजा तीन चौरस इंच धरले तर तीन-चार छर्रे तिथे पडायची अपेक्षा. अपेक्षा म्हणजे सरासरी, कधी सहा पडतील कधी एक. म्हणून शंभरच्या खाली मी जात नाही. पन्नास यार्डांवर ६० छर्रे बघून 'चालेल की' म्हणणारे मला भेटतात, त्यांना मी हाच हिशेब करायला सांगतो.

इथे एक चोरी सगळे करतात आणि मीही केलीये. बार मारल्यावर जिथे भोकं सगळ्यात दाट तिथे वर्तुळ काढायचं आणि '१८० छर्रे!' म्हणून खूश व्हायचं. पण नेम धरला होता ठिपक्यावर, आणि दाट भाग आहे पाच इंच उजवीकडे. पक्षी काय सरकून तिथे येणार आहे का? दोन्ही वर्तुळं काढा, एक नेमाच्या ठिपक्याभोवती आणि एक दाट भागाभोवती. पहिलं तुमचा खरा आकडा, दुसरं सांगतं की साइट सरकवली तर किती मिळू शकतं. भोकं मोजताना प्रत्येकावर मार्करने टिक करत जा, नाहीतर सत्तरच्या पुढे हमखास चुकतं. आणि नुसता आकडा बघू नका, वर्तुळात हाताचा तळवा मावेल अशी मोकळी जागा राहिलीये का बघा, दीडशे छर्रे असून मधे खिंडार असेल तर मला तो पॅटर्न नको.

चोकबद्दल थोडक्यात, जास्त आवळलेला चोक म्हणजे जास्त चांगला पॅटर्न असं नसतं. एका मर्यादेपलीकडे आवळलं की मऊ शिशाचे छर्रे चेपतात, चेपलेला छर्रा भरकटतो आणि आतही कमी जातो, म्हणजे दोन्हीकडून मार. बारा गेजला शिशाच्या पाच-सहा नंबरसाठी ०.६६० ते ०.६७० इंचाच्या आसपासचा चोक बघायला हरकत नाही, पण तुमची नळी काय म्हणते ते कागदच सांगणार. टीएसएस किंवा स्टील वापरणार असाल तर चोकवर त्याची परवानगी लिहिलेली आहे का ते आधी वाचा, कडक छर्‍याने चोक आणि नळी दोन्ही खराब होऊ शकतात. दहा-बारा बारांनंतर चोक काढून प्लास्टिकची काजळी पुसा. आणि फार जवळचं पण तपासा, पंधरा यार्डांवर टर्की चोकचा पॅटर्न संत्र्याएवढा असतो, तिथे नेम दोन इंच चुकला की पक्षी सुखरूप घरी जातो.

आता खरा विषय, घुसण्याची ताकद.

सगळ्यात सोपी चाचणी पत्र्याच्या डब्याची. सूपचा रिकामा स्टीलचा डबा खांबावर ठेवायचा, छर्रे एक बाजू फोडतात की दोन्ही ते बघायचं. जुने शिकारी हेच करायचे. वाईट नाही, पण डब्याडब्याच्या पत्र्यात फरक असतो त्यामुळे याचा उपयोग फक्त झटपट तुलनेला, एकाच ब्रँडचे एकसारखे डबे घेऊन.

त्याच्या वरची पायरी म्हणजे कागदाचा गठ्ठा. जुनी फोन बुकं मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर एकाच मासिकाचे अंक. डक्ट टेपने करकचून बांधा, पानांमधे हवा राहिली तर आकडा खोटा येतो. मागे लाकडी फळी, दगड नको. बार मारा, मग एकेक पान उलटत जा आणि किती पानं पार झाली ते लिहा. सगळ्यात खोल गेलेला छर्रा धरू नका, तो नशीबवान एकटा असतो, मधला धरा. पंधरा छर्रे सापडले तर खोलीच्या क्रमाने लावून आठव्या क्रमांकाचा घ्या.

पण पानं म्हणजे टर्की नव्हे, 'एकशे दहा पानं' या आकड्याचा अर्थ काय? म्हणून मी एक युक्ती करतो आणि या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. शिशाचे पाच नंबर, साधारण १२०० फूट प्रति सेकंद वेगाचे, चाळीस यार्डांवर टर्की मारतात हे कित्येक पिढ्यांनी बघितलंय. तो आपला मापदंड. आधी तो लोड चाळीस यार्डांवरून गठ्ठ्यावर मारा आणि मधला आकडा लिहून ठेवा. मग तुमचा नवा लोड, जो काय असेल तो, तसल्याच नव्या गठ्ठ्यावर चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असा मागे मागे जाऊन मारा. ज्या अंतरावर त्याची खोली मापदंडाइतकी भरते, ती तुमच्या लोडची घुसण्याची मर्यादा. इंच नको, जेलचा ठोकळा नको, महागडं यंत्र नको. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी एकाच गठ्ठ्याच्या जातीवर केल्या की झालं. कागद दमट असला की खोली बदलते म्हणून एकाच दिवशी, आणि थंडीत हवा दाट असते तेव्हा छर्रे थोडे लवकर मंदावतात, त्यामुळे सकाळी गारठ्यात एक आणि दुपारी उन्हात दुसरी असं पण करू नका.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग बघून भुलू नका. गोल छर्रा म्हणजे हवेत फेकलेला चेंडू, जितका जोरात सोडाल तितकी हवा त्याला जोरात थोपवते. नळीच्या तोंडाशी शंभर फूट जास्त दिले तरी चाळीस यार्डांपर्यंत त्यातला बराचसा भाग झिजून जातो, शिशाचा पाच नंबर तिथे पोचेपर्यंत सातशे फुटांच्या घरात उतरलेला असतो. वर जास्त वेगाने पॅटर्न फिसकटायची शक्यता वेगळीच. घुसायचं असेल तर जड किंवा मोठा छर्रा घ्या.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी जेल, म्हणजे मांसाच्या जागी वापरायचा जिलेटिनचा ठोकळा. दहा टक्के जिलेटिन, म्हणजे एक पाउंड जिलेटिन पावडरला नऊ पाउंड पाणी, वजनाने. बिनवासाचं, बिनरंगाचं, २५० ब्लूमचं (ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप) जिलेटिन मागवा. पावडर आधी थंड पाण्यात भिजू द्या, मग हळू गरम करा, चाळीस अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका, उकळलं की त्याची ताकद जाते. साच्यात ओतून दोन दिवस फ्रीजमध्ये ४ अंशाला. माझी बायको पहिल्यांदा फ्रीज उघडून म्हणाली, "अहो, हे काय, आणि हे कोण खाणार?", त्यामुळे गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज असेल तर बरं. ठोकळा बरोबर जमलाय का हे तपासायची ठरलेली रीत आहे: ०.१७७ इंची स्टीलचा बीबी (एअरगनचा गोल छर्रा) ५९० फूट प्रति सेकंदाने मारला तर साडेआठ सेंटिमीटर आत जायला हवा, एखादा सेंटिमीटर इकडे तिकडे. तयार मिळणारे पारदर्शक ठोकळे दिसायला छान आणि फ्रीज लागत नाही, पण ते वेगळ्या पदार्थाचे असतात आणि त्यातली खोली खर्‍या जिलेटिनशी जुळेलच असं नाही, त्यामुळे त्यातसुद्धा वरचीच मापदंडाची युक्ती लावा.

ठोकळा रेंजवर बर्फाच्या कूलरमधून न्या आणि पटकन मारा, गरम झाला की मऊ होतो. बार झाल्यावर बाजूने बघा, प्रत्येक छर्‍यामागे एक बारीक रेघ दिसते आणि टोकाला तो अडकलेला. पट्टी लावून खोली मोजा. खर्‍या जिलेटिनमध्ये सव्वादोन इंच मधली खोली ही माझी लक्ष्मणरेषा, त्याच्या आत आलं की ते अंतर मी सोडून देतो. पहिल्यांदा जेल केलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी दिसली जी कागदावर कधी दिसली नव्हती: स्वस्त शिशाच्या शेलमधले काही छर्रे चपटे होऊन जेमतेम इंचभर आत थांबले होते, आणि त्यांच्या शेजारचे गोल राहिलेले जवळपास दुप्पट खोल. कागदावर दोघांचं भोक एकच मोजलं असतं.

आता दोन्ही आकडे समोर ठेवा. माझ्या बारा गेजचं उदाहरण सांगतो. शिशाच्या पाच नंबरला शंभर छर्रे ४३ यार्डांपर्यंत मिळतात, घुसण्याची मर्यादा व्याख्येनेच ४०, म्हणजे आकडा ४०. टीएसएस नऊ नंबरला घुसण्याची मर्यादा साठच्या जवळ आली, शंभर छर्रे ५६ पर्यंत, म्हणजे आकडा ५६. बिस्मथ पाच नंबरला तर पॅटर्न ४० पर्यंत सुंदर, पण गठ्ठ्यात मापदंडाची खोली तीसच्या आसपासच भरली. नुसता कागद बघितला असता तर मी बिस्मथ घेऊन चाळीसवर मारत बसलो असतो.

आणि हा आकडाही जसाच्या तसा जंगलात न्यायचा नाही. तिथे बेंच नाही, पाय झोपलेले, हृदय धडधडतंय, पक्षी पावलं टाकतोय, आणि अंतराचा अंदाज चुकतो, मोकळ्या शेतात तर जास्तच. मी निदान दहा यार्ड सरळ कापतो. टीएसएसचा ५६ निघाला तरी माझी मर्यादा ४५, शिसं असेल तर ३०. मित्र हसतात, हसू दे. कॉल करून (टर्कीचा आवाज काढून) पक्षी जवळ आणणं हीच तर यातली मजा आहे, लांबून मारायचं असेल तर दुसरी शिकार आहे की.

बसल्याबरोबर, पहाटे उजाडत असताना, रेंजफाइंडरने दोन-तीन झाडं ठरवून ठेवा, हे ओकचं ४५, ते पडलेलं खोड ३०. पक्षी समोर आल्यावर रेंजफाइंडर उचलायला गेलात तर हालचाल दिसून तो गेलाच समजा. पिसारा फुलवून फिरत असेल तर मान आखडलेली असते, तेव्हा थांबा, एक हलकासा आवाज काढा, मान वर काढली की मग. डेकॉय (नकली टर्की) वीस-बावीस यार्डांवर लावा, तो आपोआप अंतराची खूण होतो.

चोक बदलला, शेलचा ब्रँड बदलला, किंवा त्याच ब्रँडचा नवा लॉट आणला की चाळीसवर निदान दोन बार पुन्हा मारा. माझ्या गनच्या दस्त्यावर पांढर्‍या टेपची पट्टी आहे, त्यावर शेलचं नाव, चोकचा नंबर, तारीख आणि '४५' एवढंच लिहिलंय. मागच्या एप्रिलमध्ये एक गॉब्लर ओकच्या पलीकडे वीस मिनिटं नाचत होता, आत आलाच नाही. टेपकडे बघितलं आणि सेफ्टी काढलीच नाही.